मोजायचा राहिलेला मासा

मला एका जागी बसवत नाही. पुण्यात असताना आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अशा बाईने पाच तास समुद्राकडे बघत उभं राहायच्या स्पर्धेला का जावं, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने, निखिलने, आदल्या दिवशी तीनदा विचारला. मी तिन्ही वेळा विषय बदलला. खरं कारण मला सांगायचं नव्हतं.

गोष्ट जुलै २०२०ची आहे. माझे सासरे, अप्पा, फेब्रुवारीच्या शेवटी तीन महिन्यांसाठी वेंगुर्ल्याहून आमच्याकडे डब्लिनला आले आणि अडकले. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच असतात, म्हणून आम्हीच आग्रह करकरून बोलावलं होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. विमानं बंद, ऑफिस घरात आणि बाहेर जायचं तर घरापासून आधी दोन किलोमीटरची मर्यादा, मग पाचची. क्लोनडॉकिनमधलं आमचं अडीच बेडरूमचं घर, त्यात आम्ही दोघं दिवसभर कॉलवर आणि अप्पा.

अप्पा वजन-मापे निरीक्षक म्हणून रिटायर झाले. आठवडी बाजारात त्यांचा असा दरारा होता की एकदा सख्ख्या मेहुण्याची वजनंसुद्धा त्यांनी जप्त केली होती. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता. हा माणूस रिकामा बसला की काय करणार? आमच्या किचनमधल्या छोट्या डिजिटल काट्यावर त्यांनी घरातलं सगळं सामान वजन करायला घेतलं. तांदूळ, साखर, बिस्किटांचे पुडे. जूनमध्ये एकदा माझा क्लायंट कॉल चालू असताना ते तूरडाळीचा पुडा घेऊन समोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बारा ग्राम कमी आसा!"

मी म्यूट केलं आणि फटकन बोलून गेले, "अप्पा, तुम्ही रिटायर झालात. इथे तुमच्या मापांची कुणाला गरज नाही."

त्यांनी काटा पुसून प्रेसमध्ये ठेवला (कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि आता मीही म्हणते) आणि नंतर कधी बाहेर काढला नाही. माझ्याशी वागणं अगदी व्यवस्थित. "चहा हवा का?" "असांदे." (असू दे.) "भाजी कशी झालीय?" "बरी आसा." एवढंच. मी सॉरी म्हणायला गेले की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. जुलैच्या मध्यावर भारतात जाणाऱ्या एका खास विमानात त्यांना जागा मिळाली. पुन्हा कधी भेट होईल याचा कुणालाच पत्ता नव्हता, आणि ते असे मनात ठेवून जाणार हे मला सहन होत नव्हतं. स्पर्धेला जायचं खरं कारण हे.

स्पर्धेचं सुचलं ते नोएलमुळे. नोएल हा रिटायर्ड बसड्रायव्हर, आमच्याजवळच्या ग्रँड कॅनॉलवर गळ टाकून बसलेला असायचा. अप्पा रोज फिरायला जात आणि त्याच्यापासून दोन मीटरवर उभे राहत. हा मालवणीत बोलणार, तो डब्लिनच्या इंग्रजीत, आणि दोघांचं छान चालायचं. कॅनॉलकडे बोट दाखवून अप्पा मला एकदा म्हणाले होते, "ह्या काय पाणी? हय दर्या खंय आसा?" मी ते नोएलला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या क्लबची किनाऱ्यावरून मासे धरायची स्पर्धा आहे, वेक्सफर्डला. युअर मॅनला पाहुणा म्हणून उतरवू. रॉड माझा. ग्रँड होईल सगळं." इथे युअर मॅन म्हणजे नवरा नव्हे, समोर ज्याचा विषय चाललाय तो इसम. निखिलच्या ऑफिसात त्या वीकेंडला सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. म्हणून ड्रायव्हर मी.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: क्लोनडॉकिनहून स्पर्धेचा, म्हणजे वेक्सफर्डमधल्या मॉरिसकासलचा किनारा साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. एम-फिफ्टी धरून दक्षिणेला, मग एम-इलेव्हन. या बाजूने गेलं तर टोल लागत नाही. गोरी गावाच्या पुढे हायवे सोडला की रस्ता इतका अरुंद होतो की समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी एकाने कुंपणात घुसायचं. रविवारी सकाळी सातला निघालो तर पावणेनऊला पोचलो. समुद्रात गळ टाकायला इथे लायसन्स लागत नाही. सॅमन धरायचा असेल तर मात्र लागतं. प्रवेश फी पंधरा युरो, आमिषाचे किडे बारा युरो. ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतात आणि आतून हलत असतात. मी अंडंही न खाणारी. तो पुडा माझ्या सीटखाली ठेवून मी सव्वाशे किलोमीटर गाडी चालवली आहे, याची कुठेतरी नोंद व्हावी. सार्वजनिक टॉयलेट त्या दिवशी बंद होतं, तेव्हा पाणी बेताने प्या. आणि जुलै असला तरी जाकीट, टोपी, मोजे सगळं न्या.

गाडीत मीच बडबडत होते, हवामानावर, मेंढ्यांवर, कशावरही. वाळूची टेकडी चढून वर गेल्यावर एकदम समोर समुद्र आला आणि अप्पा थांबले. पाच महिन्यांनी पाहत होते. त्यांनी चपला काढल्या. बारा-तेरा अंश तापमानात अनवाणी चालत जाऊन पाण्याला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. दोन मिनिटांनी ते परत आले आणि म्हणाले, "थंड आसा." जूनपासून आपण होऊन माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

स्पर्धेची पद्धत अशी. वाळूत वीस-वीस मीटरवर नंबरांच्या खुंट्या ठोकलेल्या. चिठ्ठी काढून ज्याची त्याची जागा ठरते. दहा ते तीन गळ पाण्यात. मासा लागला की ओल्या पट्टीवर त्याची लांबी मोजायची, शेजारच्या खुंटीवरच्या माणसाने येऊन बघायची, कार्डावर सही करायची आणि मासा जिवंत परत सोडायचा. जितके सेंटीमीटर तितके गुण. मेलेल्या माशाला शून्य, साक्षीदाराशिवाय मोजलेल्यालाही शून्य. शेजारी येईपर्यंत मासा तगावा म्हणून प्रत्येकाला एक बादली, समुद्राचं पाणी भरून ठेवायला.

मी हे अप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते वैतागले. "परत सोडूचो? मगे पकडूचो कित्याक?" पण पट्टी बघितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ती उलटसुलट केली, शून्याची रेघ कडेला बरोबर जुळते का ते तपासलं, शेजारच्या खुंटीवरच्या नोएलची पट्टी मागून घेऊन दोन्ही एकमेकींना लावून बघितल्या. नोएल बघतच राहिला. "हा तुमचा सासरा पंच आहे का?" मी सांगितलं, "पंचांचा बाप आहे."

मग सुरू झालं वाट बघणं. अप्पा गळ टाकून दोन्ही हात मागे बांधून उभे, नजर रॉडच्या टोकावर. मला पंधरा मिनिटांत असह्य झालं. मी आमच्या अकरा नंबरच्या खुंटीपासून चोवीसपर्यंत चालत गेले, परत आले. फोनला रेंज नव्हती. पुन्हा चालत गेले. एका बाईला मासा लागला होता, हातभर लांबीचा, खरखरीत अंगाचा. डॉगफिश म्हणे. ती म्हणाली, "काय क्रेक आहे ना?" म्हणजे धमाल. साडेबारापर्यंत अप्पांना काहीही लागलं नव्हतं. डब्यातल्या मेथीच्या दशम्या खाऊन झाल्या. पाय दुखायला लागले तेव्हा मी आमची बादली रिकामी केली, उलटी घातली आणि तिच्यावर बसले.

ही माझी पहिली चूक.

दोन वाजून गेले होते. रॉडचं टोक एकदा हललं, मग कमान झाली. अप्पांनी घाई केली नाही. ओढ लागली की सोडायचे, सैल पडली की गुंडाळायचे. दहा मिनिटं तरी हे चाललं. सत्तरीचा माणूस आणि दुखरा गुडघा, पण चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी आमच्या घरात कधी बघितलंच नव्हतं. लाटेबरोबर मासा वाळूवर आला. चंदेरी, जाडजूड. अप्पा ओरडले, "चोनकाच्या जातीचो!" चोनक म्हणजे त्यांच्याकडचा मोठा, मानाचा मासा. त्यांनी ओल्या फडक्यात तो उचलला, गळ सफाईने काढला आणि माझ्याकडे दिला. "धर गो. घट्ट धर. मी पट्टी आणतंय, नोएलाक बोलव." आणि लंगडत आमच्या सामानाकडे गेले.

मी आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात धरला होता. किती जड होता, काय सांगू. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. कल्ले उघडत होते आणि आत लाल दिसत होतं. त्या वर्षी आपण सगळ्यांनी श्वासाबद्दल इतकं ऐकलं होतं. मला वाटलं, हा आता माझ्या हातात मरणार. बादली उलटी पडली होती. मी नोएलला हाक मारली नाही. मी पळत सुटले, बूट-जीन्ससकट गुडघाभर पाण्यात गेले आणि हात सोडले. क्षणभर तो तसाच राहिला, मग शेपटीचा फटकारा मारून नाहीसा झाला. मला इतकं हलकं वाटलं!

वळले तर अप्पा पट्टी घेऊन उभे.

"खंय गेलो?"

मी समुद्राकडे बोट दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हातातल्या पट्टीकडे.

नोएल आपला रॉड सोडून धावत आला. त्याने सगळं पाहिलं होतं. "अरे, मी बघितला की! सत्तर सेंटीमीटर सहज. आणा ते कार्ड, मी सही करतो. कुणी काही म्हणणार नाही." ते अगदी खरं होतं. आणि सत्तर म्हणजे नवख्यांमधलं पहिलं बक्षीस नक्की.

मी अप्पांची विनवणी केली. "अप्पा, घ्या ना सही. तो स्वतःहून म्हणतोय."

अप्पांनी कार्डावर हात ठेवला. "मोजूक नाय तर लिवचा नाय." मग नोएलसाठी इंग्रजीत, "नो मेजर, नो साइन. थँक यू." नोएलने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

उरलेल्या वेळात काही लागलं नाही. पार्किंगमध्ये सगळे अंतर ठेवून उभे राहिले, बक्षिसं जाहीर झाली. नवख्यांमध्ये ती डॉगफिशवाली बाई त्या एका माशावर पहिली आली. यादीत शेवटी अप्पांचं नाव, पुढे शून्य. सेक्रेटरीने ते नाव वाचायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

येताना किलमक्रिजला चिप्स घेतल्या, व्हिनेगर घालून. अप्पांनी चार खाल्ल्या. हायवेला लागल्यावर मी बोलले. माशाबद्दल सॉरी म्हटलं आणि मग तूरडाळीबद्दलही. गाडीत टीव्ही नव्हता, त्यामुळे त्यांना ऐकावंच लागलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असांदे."

नऊ दिवसांनी ते गेले. एअरपोर्टच्या आत सोडायला जाता आलं नाही. दारातूनच नमस्कार केला. त्या "असांदे"चा अर्थ काय धरायचा, हे मी हिवाळाभर स्वतःला विचारत राहिले. माफ केलं, की नुसतं सोडून दिलं? फोनवर विचारायचा धीर झाला नाही. इथे पुन्हा पाच किलोमीटर सुरू झालं. मी रोज कॅनॉलवर चालायचे, लॉकपर्यंत (पाणी अडवायचे दरवाजे) आणि परत. काटा प्रेसमध्येच होता.

अप्पा आता ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकते. कारण मे २०२१मध्ये ते तसे नव्हते. कोविड झाला, ऑक्सिजन खाली गेला आणि त्यांना भरती केलं. इकडे आम्ही दोघं घरात नुसते येरझारा घालत होतो. तिकीट काढून उपयोग नव्हता. पाचव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. नाकाला नळी, आवाज खोल गेलेला, पण डोळे जागे. शेजारच्या खाटांवरची दोन माणसं आणि एक सिस्टर स्क्रीनमध्ये डोकावत होती.

"ह्यांका खरा वाटणा नाय," अप्पा थांबत थांबत म्हणाले. "मी सांगतंय, आयर्लंडाक चोनकासारखो मासो धरलंय. माझ्या सुनेन सोडल्यान. जीव वाचवल्यान तेचो." त्यांनी दम घेतला. "बरा केलंस गो. श्वास नसलो की कसा होता, ता माका आता समाजला."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"केवढो होतो ता सांग ह्यांका. तुझ्या हातात होतो."

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोन्ही हात पसरून दाखवले. अगदी प्रामाणिकपणे, जेवढा आठवत होता तेवढा. सत्तर सेंटीमीटर, फार तर बहात्तर.

अप्पा स्क्रीनच्या जवळ आले आणि निरखून बघू लागले.

"गो, हात जरा लांब कर."

मी केले.

"आणखी."

मी आणखी लांब केले. आता दोन्ही तळवे स्क्रीनच्या बाहेर गेले होते.

"हां," निरीक्षक म्हणाले. "आता बरोबर."