बिलावर समस्त ग्रामस्थ

आमच्या वाडीत स्वतःचं नाव पुढे करणं हा अजूनही आगाऊपणा समजतात. पालखीची पत्रिका असो की रस्त्यासाठी पोलादपूरला द्यायचा अर्ज, खाली लिहायचं ते एकच: समस्त ग्रामस्थ. हे ठाऊक असल्याशिवाय बाबांनी काय घोळ घातला ते कळायचं नाही.

बाबा आणि भावकीतले तिघे महाडच्या कारखान्यांत टाक्या आणि पाइप रंगवतात. वर्षानुवर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर होते. मग एका कारखान्याने सांगितलं, ठेकेदार बंद, आता तुम्हीच व्हेंडर व्हा, बिल द्या. मी लगेच पत्रक लिहायला बसले. कामगाराला मालक म्हणायचं आणि त्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचा खर्च वाचवायचा, ही कसली मालकी? आजही माझं तेच मत आहे.

बाबांनी पत्रक वाचलं. "बरोबर हाय गो. पण कारखाना दुरुस्तीला बंद व्हायचाय, शटडाऊन तोंडावर हाय. टाक्या तेवाच रिकाम्या मिळतात. व्हेंडरचा फॉर्म कधी भरतेस?"

मला महाडला कामगार संघटनेची सभा होती. उद्या भरते म्हटलं. बाबा उद्यापर्यंत थांबले नाहीत.

पहिलं छोटं बिल निघालं, पैसे चौघांत वाटले गेले. मग देवळाच्या मंडळाचं विवरणपत्र भरणाऱ्या मॅडमचा महाडहून फोन आला. "तुमचं मंडळ टाक्या कधीपासून रंगवायला लागलं?"

बाबा मंडळाचे खजिनदार. व्हेंडरच्या नावापुढे त्यांनी 'समस्त ग्रामस्थ' लिहिलं होतं आणि पॅन नंबर, बँक खातं मंडळाचं दिलं होतं. कारखान्याने बिलातून कापलेला कर देवाच्या पॅनवर जमा. आता कारखाना म्हणत होता, नाव, पॅन आणि खातं एकाचंच दाखवा, नाहीतर शटडाऊनला गेट पास नाही.

मी बाबांना नको तितकं बोलले. फॉर्म सोडून सभेला कोण गेलं होतं, हे त्यांनी एकदाही काढलं नाही.

मॅडमच्या ऑफिसात मी ठासून सांगितलं, "भागीदारी करा. चौघं समान."

"करता येईल," मॅडम बाबांकडे बघत म्हणाल्या. "पण भागीदारीला उरलेल्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून कर. एकट्याच्या नावावर असेल तर ठरावीक उत्पन्नापर्यंत काहीच नाही. बाकीच्यांना त्यांच्या कामाचे पैसे बँकेतून द्या, ते आपापलं विवरणपत्र भरतील. कापलेला कर तुमच्या पॅनवर वळवायला कारखान्याला पत्र मी लिहिते."

म्हणजे चौघांनी मिळून कमावलं तर कर, एकट्याने शेट व्हायचं तर सवलत. मी भडकले. बाबा मात्र वेगळ्याच चिंतेत. "माझ्या एकट्याचं नाव? वाडीत तोंड कसं दाखवू?"

रविवारी देवळात तिघांपुढे त्यांनी विषय काढला, तोही खाली बघून. मग तिघांतला थोरला म्हणाला, "कागदावर हो रे शेट. टाकीवर चढलास की बघतो तुझी शेटगिरी."

"चहा शेटनं पाजायचा पण," दुसरा.

"आनि ही पत्रकवाली?" तिसऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "ती संप करील शेटच्या दारात."

करीन म्हटलं. पण त्याआधी चौघांचे समान वाटे कागदावर लिहून घेतले आणि चौघांच्या सह्या घेतल्या. इतकं पत्रकांनी मला शिकवलंय.

बाबांनी महाडच्या बाजारातून रबरी शिक्का करून आणला. आधी माझ्या पत्रकाच्या पाठीवर मारून पाहिला. स्वतःचं नाव, खाली 'मालक'. बराच वेळ बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचं असावं.

गेट पास चार आले, शटडाऊनच्या आदल्या दिवशी.

काम झाल्यावर नवं बिल मीच लिहिलं. बाबांनी शिक्का मारला, सही केली आणि मग विचारलं, "ह्याच्याखाली त्या तिघांची नावं घातली तर कर वाढंल काय गो?"

"नाय वाढणार."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं नाही; तिन्ही नावं स्वतः लिहिली.