मोठीआईचे दंड

सकाळी मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा, फोन आला. "तुयी मोठीआई गेली." मी विचारलं, "जिमला?" ती तिची वेळच होती. ते म्हणाले, "नाई बाई. खरंच गेली." मेंदूत रक्तस्राव झाला होता.

मोठीआई म्हणजे मंदा, माझी मोठी काकू, सिंदी रेल्वे गावची. साठी उलटल्यावर अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालीत, नुसतं चालून भागणार नाही. शिकून, हळूहळू वाढवत वजन उचला. मोठेबाबा म्हणाले, "उचलाले ओझं म्हणून मी आहोच ना!" त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता ती स्टेशनजवळच्या जिममध्ये बायकांच्या वेळेला जाऊ लागली, साडीखाली बूट घालून. शिकवणाऱ्या पल्लवीनं हातात चिमुकले डंबेल्स दिले तर म्हणाली, "मले काऊन लाटणं देऊन राह्यली?" पण पल्लवी पक्की होती. आधी पद्धत, मग वजन. दोन वर्षांत मोठीआई गॅसचं अख्खं सिलिंडर एकटी हलवायला लागली. शेजारणी घाबरवायच्या, बाईचे दंड पुरुषासारखे होतात म्हणून. ती बाही वर करून दाखवायची, "मीबी वाटच पाहून राह्यली!"

मोठेबाबांना मात्र लाज वाटायची. कोणी विचारलं तर सांगायचे, देवळात गेली. मग एका दुपारी ते न्हाणीत पडले. कुठं मोडलं नव्हतं, पण उठता येईना, घरात दुसरं कोणी नाही. मोठीआई मागून बगलेत हात घालून बसली. "पाठ सरळ! श्वास सोड!"

"पडलो मी, अन् शिकवून कोणाले राह्यली?"

"मलेच!" म्हणत तिनं त्यांना उभं केलं. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी गावभर सांगितली. दर वेळी स्वतःचं वजन चार किलो वाढवून.

तेरवीला एक नातेवाईक हळहळले, "एवढं वजन उचलून शेवटी काय मिळालं तिले?"

मोठेबाबा म्हणाले, "तिचं मले मालूम नाई. मले दोन पाय मिळाले."

आता सकाळी फोन केला की ते धापा टाकत उचलतात. मोठीआईनं शिकवलेला, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम चालू असतो.

"जमलं का?" मी विचारते.

"जमलं. पण शाबास कोण म्हणते आता...?"

मग मीच म्हणते.