क्वांटम कॉम्प्युटर आणि काकूचं बोट

दोस्तहो, आज कांदे आणायला निघालो अन् मोताळ्यातल्या मोबाइलच्या दुकानात रमलो. शेजारची काकू तिथं रडकुंडीला आली होती. वारलेल्या काकांचा रेकॉर्ड केलेला आवाज फोनमध्ये, आणि ठिपके जोडायचं लॉक ती विसरलेली.

मी दुकानदार संजूले म्हटलं, "क्वांटम कॉम्प्युटर सारी कुलपं तोडते म्हणे!"

संजू म्हणाला, "बँकेची आकड्यांची कुलपं तो तोडीन कधीतरी. सध्या जरासा धक्का लागला तरी त्याचं गणित चुकते. अन् चार-पाचदा चुकलं की अडून बसणारा हा फोन त्याले तरी किती वेळा चुकू देईन बे?"

मग तो म्हणाला, "काकू, डोळे मिटा, रांगोळीवानी बोट फिरवा."

फोन उघडला! काकूनं काकांचा आवाज लावला. "अवं, चहा टाक!"

अणूएवढ्या बारीक कणांकडून गणितं करून घेणारं मशीन माणसानं बनवलं, याचं नवल वाटतेच. पण काकूच्या बोटापुढं मी कांदेच विसरलो. डोक्याले आठवत नाही, असं तुमच्या हाताले काय आठवते?