निळ्या गाडीचा धूर

माझी मावशी शिवणयंत्रं दुरुस्त करते, तीही घरोघरी जाऊन. आणि जाते ती माझ्या जन्माआधीच्या निळ्या गाडीतून. अशा गाड्या लोक झाकून ठेवतात, सुट्टीच्या दिवशी मिरवतात. मावशी मात्र तिला रोज कामाला जुंपते. मागच्या सीटवर कायम एखादं आजारी यंत्र पडलेलं असतं. मला त्या दोघींचंही लहानपणापासून भारी अप्रूप.

धुराचे नियम कडक झाले आणि पंचाईत झाली. पहिल्या तपासणीत गाडी सपशेल नापास! पुन्हा नापास झाली तर शहरात चालवायला बंदी. गुडघे कामातून गेलेली मावशी ती जड यंत्रं काय डोक्यावर वाहणार होती? गाडी गेली की धंदाही गेला.

मेकॅनिकने गाडी ठेवून घेतली, सगळी उघडून पाहिली. "मावशी, काही दोष नाही हो. माझ्याकडे तर अगदी शहाण्यासारखी वागते." मावशी गाडी घेऊन निघाली, की मागे पुन्हा काळा धूर.

"आपलं पटेनासं झालंय का गं?" तिने स्टिअरिंगलाच विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

दुसऱ्या तपासणीला मी शेजारी बसलो होतो. मीटरचा आकडा चढतच चालला. "कागदपत्रं द्या," तपासनीस म्हणाला.

मावशीची हत्यारांची पिशवी डॅशबोर्डवरच्या एका बटणाला कायम लटकलेली असते. कागदपत्रं तिच्यातच. तिने पिशवी काढून मांडीवर घेतली आणि ते बटण हळूच आत सरकलं. इंजिनाचा आवाज उतरला. आकडाही उतरायला लागला, उतरतच गेला. तपासनीसाने मीटरला टिचकी मारून पाहिली.

बटण चोकचं होतं. इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ते ओढायचं, गरम झालं की आत ढकलायचं. मावशीने त्याची खुंटी केली होती, पिशवीच्या भाराने ते कायम ओढलेलंच! मेकॅनिककडे गाडी सोडताना पिशवी अर्थातच तिच्यासोबत घरी यायची.

मी थक्क झालो. इतकी वर्षं हा छळ सोसून गाडीने तिला एकदाही रस्त्यात सोडलं नव्हतं.

पास झाल्यावर मावशी उतरली, गुडघे विसरून गाडीमागे वाकली आणि धुराच्या नळीपुढे तळहात धरला. तो स्वच्छच राहिला. "एकदा तरी कुरकुरायचंस, बाई," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

परतताना पिशवी माझ्या मांडीवर होती. घरी पोचेपर्यंत माझे पाय बधिर झाले.