गोळ्या, पेशी आणि आमच्या बाया

आमच्या लॅबमध्ये नमुना आला की त्याला कोड मिळतो, वहीत नोंद होते. नमुना देणारी बाई जे बोलून जाते, त्याला मात्र वहीत रकाना नाही. ते माझ्याच डोक्यात साठत जातं! जेवणाच्या सुट्टीत कुणी "ताई, सांगा ना" म्हटलं, की माझा डबा तसाच राहतो.

आमचं काम तसं साधं आहे. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला गळतं आणि तळाशी असलेल्या मूळ पेशींपासून पुन्हा तयार होतं. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की ते पातळ राहतं. मग त्या मूळ पेशींचं काय होतं? ते शोधायला आम्ही बायांकडून पाळीच्या रक्ताचे नमुने घेतो. बायांना हे समजावणं माझ्याकडे!

*

उमरेडच्या प्रमिलाबाई हातमागावर लुगडी विणतात. त्यांना मी चार्ट दाखवला, हातवारे केले, घसा कोरडा केला. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"इतकं काय सांगून राहिली वं? विणलेलं लुगडं कापून नेलं, तरी मागावर उभ्या धाग्याईचा ताणा राहतेच ना! त्याच्यावरच पुढचं विणाचं. गोळीनं ताणा ढिला होते का, हेच पाहाचं ना तुमाले?"

आमच्या प्रमुख गजभिये मॅडम मागेच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार्ट कपाटात गेला!

*

बुटीबोरीची सुनंदा नमुना बर्फाच्या डब्यात घालून बसनं निघाली. कंडक्टर म्हणाला, "मासोळ्या हायेत का? वास आला तर उतरवून देईन!"

सुनंदानं आवाज मुळीच खाली केला नाही. "माह्या पाळीचं रक्त हाय भाऊ, तपासणीले नेऊन राहिली. उद्या माह्या पोरीले गोळ्या घ्याव्या लागल्या, तर तिले माहीत पाहिजे ना पोटात काय होते ते!"

कंडक्टरनं तिला खिडकीची जागा करून दिली आणि पुढे ड्रायव्हरला ओरडला, "गाडी जरा हळू घे गा!"

*

गांधीबागेत कापडाच्या दुकानात काम करणारा प्रकाश बायकोसोबत आला होता. मी फॉर्म भरत होते.

"गोळ्या किती वर्षं?"

"नऊ."

"त्रास काही?"

"डोकं दुखते. सुरुवातीले उलट्या होत."

प्रकाश दचकला. "मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही काहून नाही विचारलं?"

फॉर्म तिथंच थांबला. चार-पाच महिन्यांनी प्रकाश एकटाच आला. "मी नसबंदी केली जी. नंतरची तपासणीही झाली. तिच्या गोळ्या बंद! आता तुमच्या कामाची नाही ते."

हातचा नमुना गेला, आणि मॅडम दिवसभर खूश!

*

एका शिक्षिकेनं मॅडमना सरळच विचारलं, "गोळ्यांनी त्या पेशींचं कायमचं नुकसान होतं का?"

"बहुतेक बायांना गोळ्या थांबवल्यावर दिवस राहतात. पण पेशींच्या आत नेमकं काय होतं, ते मला अजून माहीत नाही."

बाई हसल्या. "'माहीत नाही' म्हणणारी डॉक्टर पहिल्यांदाच भेटली! सही कुठं करू?"

*

आणि राणी. चोवीस वर्षांची. अंगावरून फार जायचं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. नमुना देऊन गेली आणि तीन आठवड्यांत डेंग्यूनं गेली.

काही दिवसांनी तिची आई लॅबच्या दारात उभी राहिली. "राणी म्हणे, माह्या पेशी तिथं वाढून राहिल्या. अजून हायेत का?"

नमुना कुणाचा, ते आम्ही सांगत नाही. मॅडमनी वही उघडली, एका कोडवर बोट ठेवून शुभांगीला दाखवलं, वही मिटली. मग तिच्याकडे बघून नुसती होकाराची मान हलवली. पेशी वाढवण्याचं काम शुभांगीचं. तिनं इन्क्युबेटरमधून एक प्लेट काढली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली.

आईनं डोळा लावला.

"जित्या हायेत?"

"हो काकू."

बराच वेळ ती हलली नाही. मग वाकलेलीच, हळूच म्हणाली, "थंडी नाही ना वाजत इले?"

"नाही काकू. आत सदतीस डिग्री असतं. आपल्या अंगाएवढं गरम."

तिनं झटकन डोळा काढला.

"मंग इतका वेळ बाहेर काहून ठेवलं वं? आत ठेव तिले!"