थोरला, धाकटा आणि माझी समई

आमच्या ह्यांनी धाराशिवच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली. रोज तुळजापूरहून एसटीनं जाऊन-येऊन. एवढ्या वर्षांत कुणावर म्हणून आवाज चढवला नाही. नारायणराव काही बोलले की समोरचा वाकून "काय म्हणालात?" विचारायचा, आणि हे पुन्हा तितक्याच हळू सांगायचे.

त्यांचा खरा आवाज घरी होता. बैठकीच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यातले दोन स्पीकर, माझ्या कमरेएवढे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सोलापूरहून आणले. एसटीत कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. हे म्हणाले, मग मीही टपावर बसतो. शेवटी कंडक्टरनं हात टेकले, मागच्या शिटावर दोन्ही खोके बसले आणि हे तुळजापूरपर्यंत उभ्यानं आले.

उजवीकडचा थोरला, डावीकडचा धाकटा. दर रविवारी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचे. आमच्या शौनकचं नाक कधी इतक्या मायेनं पुसलं नाही. पाहुणा आला की त्याला दोन्हींच्या बरोबर मधे बसवायचं आणि सांगायचं, "ऐका. थोरला खणखणीत आहे. धाकटा जरा हळू बोलतो, पण त्याच्याशिवाय मजा नाही." पाहुणा मान डोलवायचा.

या वहीत मी रोज जपाची संख्या लिहिते, त्यामुळं हिच्यात खोटं लिहवत नाही. धाकटा हळू बोलत नव्हता, तो बोलतच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मी त्याची वायर मागून काढून ठेवली होती. देव्हारा त्याच्या शेजारी, समई ठेवायला त्याचा माथा बरोबर उंचीचा. ह्यांनी गाणं लावलं की ज्योत अशी थरथरायची की जपात माझंच मन थरथरायचं. एकदा तेल सांडून त्याच्या माथ्यावर कायमचं कडं उमटलं, त्या दिवशी वायर काढली. तुळजाभवानीच्या फोटोसमोर कान धरले आणि वाट बघितली. दोन दिवस गेले, महिना गेला. ह्यांना काही कळलं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं.

असे हे स्पीकर गेल्या भाद्रपदात विकले गेले, आणि ते आमच्या घरच्या रीतीमुळं.

नवरात्राआधी आठ-नऊ दिवस देवळात आई भवानी पलंगावर निद्रेला असते. तेवढे दिवस आमच्या घरात गाणं नाही, टीव्ही नाही, मोठ्यानं बोलणं नाही. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे. मी तर कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद करते, डाळ जरा कच्ची राहिली तरी त्या आठ दिवसांत कुणी बोलत नाही. त्यातल्या सहाव्या दिवशी आमची सून निवेदिता पुण्याहून आली आणि घर आवरायला लागली.

"बाबा, हे दोन खोके कशाला ठेवलेत? वाजवत तर नाही तुम्ही."

ह्यांनी वळून बघितलं. पाच दिवस मुके उभे होते दोघं. खरंच कपाटासारखे दिसत होते, तेही कप्पे नसलेल्या. "जागा खातात खरं," हे म्हणाले. मीही लगेच भर घातली, "देव्हाऱ्याला मोकळं होईल." निवेदितानं फोटो काढून मोबाईलवर टाकला. दुसऱ्या दिवशी नळदुर्गहून खाजाभाई टेम्पो घेऊन दारात. हायवेला त्यांचा धाबा आहे. वाजवून दाखवता येणार नाही, आई झोपलीय, असं ह्यांनी हळूच सांगितलं. तर खाजाभाईही आवाज खाली आणून म्हणाले, "झोपू द्या साहेब. तुमच्या तोंडावर भरवसा आहे." दोघांनी चोरासारखे स्पीकर उचलून टेम्पोत ठेवले.

घटस्थापनेच्या पहाटे हे चारला उठले. अंघोळ केली, सोवळं नेसले, आरती लावायला कोपऱ्यात गेले आणि तिथंच उभे राहिले. फरशीवर दोन चौकोन होते, बाकीच्या फरशीपेक्षा नवे.

"अगं," म्हणाले, "आपण काय केलं हे."

दरवर्षी आमच्या आरतीवर गल्ली उठायची. त्या दिवशी उजाडल्यावर शेजारची वैष्णवी फुलं द्यायला आली आणि दारातूनच विचारलं, "काकू, यंदा तुमच्याकडं घट बसले न्हाईत का?" मी हसले. ह्यांना ते लागलं. दोन वेळा जेवले नाहीत, आणि उपवास होता म्हणून ते दिसलंही नाही.

शौनकनं पुण्याहून नवा स्पीकर पाठवला, लोणच्याच्या बरणीएवढा. ह्यांनी तो हातात फिरवून बघितला. "ह्याचं तोंड कुठंय?" म्हणाले, आणि फ्रिजवर ठेवून दिला. कोपऱ्यातून जाताना मात्र अजून वळसा घालून जायचे, स्पीकर तिथंच असल्यासारखे.

दसरा झाल्यावर म्हणाले, "नळदुर्गचा किल्ला बघून येऊ."

"लहानपणापासून बघताय की."

"आता पाणी पडत असेल धबधब्याला. आणि जाता जाता खाजाभाईकडं. नुसतं बघायचंय."

किल्ल्याकडं बस वळायच्या आधीच आम्ही धाब्यावर उतरलो. दोघं गल्ल्याच्या दोन बाजूंना उभे होते, अंगावर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा. धाकट्याच्या माथ्यावर माझ्या तेलाचं कडं, आणि त्यावर बडीशेपेची वाटी. कव्वाली चालली होती. दोन ड्रायव्हर रोटी हातात धरून ऐकत होते.

ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली. "खाजाभाई, तुम्ही म्हणाल त्या भावात."

"साहेब, चहा घ्या, जेवण घ्या, पायजे तर मुक्काम करा. स्पीकर न्हाय मिळणार. हैदराबादच्या गाड्या आता हॉर्न वाजवून विचारतात, कव्वाली चालू हाय का म्हणून." मग खाजाभाई पुढं वाकले. "एक सांगू का, त्या डाव्याची वायरच निघाली होती मागनं. मिस्त्रीनं दोन मिनटात..."

"भजी गार होतील," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चहात बघत बसले.

मी उठून मागं स्वयंपाकघरात गेले. खाजाभाईंची बायको ताहेराबी कणीक मळत होती. पाठीवरचा पदर सारखा करत म्हणाली, "ताई, तुमी कसं काढलं इतके वर्स? माझ्या डोक्यात घुमतंय नुसतं. नमाजाला बसले तरी कानात तेच."

मी तिला वायरीचं सांगितलं. इतकी हसली की कणकेचा हात कपाळाला लागला. मग गंभीर झाली. "पण ह्यो माणूस देणार न्हाय. इकलेच कसे तुमच्या साहेबानं?"

"सहा दिवस मुके होते. मुके झाले की ते कपाट दिसतात."

ताहेराबीनं कणीक मळायची थांबवली. "रमजानात आमच्याकडं गाणं लागत न्हाय," ती म्हणाली. "तीस दिवस."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. ती म्हणाली, "धाव्या रोज्याला या. इफ्तारच्या आधी. तवा भुकेनं कुणाशी भांडायचं बळ नसतंय."

पाच महिने ह्यांनी कसे काढले ते मी बघितलंय. दर रविवारी धोतराचं फडकं घेऊन फ्रिजवरची ती बरणी पुसायचे. मला सांगावंसं वाटायचं, पण ताहेराबीला शब्द दिला होता. शिवाय हे आशेवर बसले आणि नाही मिळाले तर?

दहाव्या रोज्याला आम्ही खजूर घेऊन गेलो. माळा निघाल्या होत्या. थोरल्यावर बिलबुकं, धाकट्यावर कांद्याची पिशवी. खाजाभाई सुकलेल्या तोंडानं म्हणाले, "साहेब, त्ये खोके अजून पायजेत का? लई जागा खायलेत." ह्यांनी आनंदानं मान हलवली नुसती. ताहेराबी दारामागं उभी राहून तोंडाला पदर लावत होती. ज्या भावात गेले त्याच भावात आले, टेम्पोसकट.

घरी आल्यावर दोघांना त्यांच्या चौकोनात उभं केलं. ह्यांनी थोरल्याची वायर लावली आणि धाकट्याची तशीच सोडून उठले.

"ही राहिली की," मी म्हणाले.

"राहू दे. तुझी ज्योत हालते."

मी तिथंच खाली बसले. "कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. जळमटं काढायला मागं गेलो होतो." नेहमीसारखंच हळू बोलले. "म्हणलं, सांगेल कधीतरी."

मी समई उचलून पाटावर ठेवली. धाकट्याची वायर घेतली आणि मागं हात घालून, न बघता लावली. लाल कुठं आणि काळी कुठं, हे अकरा वर्षं माझ्या बोटांना माहीत होतं. त्या संध्याकाळी आरतीला भिंत हलली. पाटावर ज्योत जरा हालते, पण मी आता डोळे मिटून जप करते.

ईदेच्या दिवशी नमाज उरकून खाजाभाईंचा फोन आला. आवाज पडलेला. "साहेब, आज माळा घालायला गेलो तर गल्ल्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणलं, येऊन जावं काय? नुसतं बघायचंय."

ह्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय सांगू?"

"दोघं या म्हणावं, शिरखुर्मा घेऊन," मी म्हणाले. "जेवण देऊ, पायजे तर मुक्काम करा. स्पीकर न्हाय मिळणार."

ह्यांनी ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि एकदम मोठ्या आवाजात.