ओळखीची सही

नमिता मोकल वकील झाली तेव्हा तिच्या घरात कोणी कोर्टाची पायरीसुद्धा चढलेलं नव्हतं. वडील, काळुराम, धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात राबलेले. त्यामुळे पेणच्या करंजेकर वकिलांनी तिला जुनियर म्हणून घेतलं याचं गावात फार अप्रूप झालं. करंजेकर नोटरीही होते आणि वकिलांच्या संघटनेत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांनी नमिताला हातचं न राखता शिकवलं. उलटतपास कुठे थांबवायचा, कोणत्या न्यायाधीशापुढे कमी बोलायचं, सगळं. पाच वर्षांत तिच्याकडे स्वतःचे पक्षकार येऊ लागले.

अशाच एका दुपारी रोह्याहून रेबेका रोहेकर आल्या. सत्तरीच्या, एकट्या. भाऊ सायमन चौदा वर्षांपूर्वी इस्राएलला गेला तो परत आलाच नव्हता. दोघांच्या नावावरच्या नारळाच्या वाडीला कोणा प्लॉटवाल्याने कुंपण घालायला घेतलं होतं. त्याच्याकडे सायमनच्या सहीचं कुलमुखत्यारपत्र होतं. ते दोनच वर्षांपूर्वी पेणला करंजेकरांपुढे झालेलं, म्हणून रोह्यात दोन वकिलांनी अंग काढून घेतलं होतं. झेरॉक्स उलटताना नमिताला शेवटच्या पानावर करंजेकरांच्या शिक्क्याशेजारी ओळ दिसली : सही करणाऱ्यास मी ओळखते. खाली तिचीच सही.

असे कागद रोज चार-पाच तरी तिच्यापुढे सरकत. सर म्हणत, इथे कर, ती करी. माणूस समोर आहे की नाही, हे तिने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

हातात कामं फार आहेत असं सांगून तिने रेबेकाबाईंना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले की माणूस ओळखीच्यांनी आणला होता, आणि या धंद्यात विश्वासावर चालतं. आठ दिवसांनी तिने वडिलांना सगळं सांगितलं.

"तू त्या मानसाला बघितलंस का गो?" काळुरामने विचारलं.

"नाय."

"मंग नाय बघितला, तं तसाच सांग."

ती एस.टी.ने भिसे खिंड ओलांडून रोह्याला गेली. आपल्याला तुमची वकील होता येणार नाही, पण साक्षीदार होता येईल, असं तिने रेबेकाबाईंना सांगितलं, आणि का तेही. बाई म्हणाल्या, "सायमन फार उंच आहे हो. दारातून वाकून यायचा. एकदा पाहिला असता तर तुमच्या लक्षात राहिला असता."

सरांचं ऑफिस तिने त्याच आठवड्यात सोडलं. पुढे रोह्याच्या कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि सायमनला पाहिलं नव्हतं असं शपथेवर बोलली. प्लॉटवाल्याच्या वकिलाने विचारलं, म्हणजे तुम्ही खोटं लिहून दिलंत? ती हो म्हणाली.

पेणला वकिलांच्या खोलीत तिच्याजवळची खुर्ची रिकामी राहू लागली. तेवढ्यात संघटनेची निवडणूक लागली आणि करंजेकरांच्या विरोधातले हितेश वकील तिच्याकडे आले. ती खरं बोलली हे तालुकाभर सांगायला हवं म्हणाले. त्यांनी तिला आपल्या पॅनेलमधून सचिवपदाला उभं केलं. ती नऊ मतांनी निवडून आली. त्या दिवशी तिच्या गळ्यात हार पडले, मिठागरावरच्या बायकांनी तिला ओवाळलं, आणि आपण एकट्या नाही असं तिला मनापासून वाटलं.

ते सात महिने टिकलं. हितेशना सरकारी वकील व्हायचं होतं, आणि करंजेकरांचं वजन वरपर्यंत होतं. दोघांचं जमलं. ते तिला कोणी सांगितलं नाही. एके सकाळी नोटीस आली : न पाहता ओळख दिल्याबद्दल तिच्यावर कारवाई व्हावी, अशी तक्रार वकिलांच्या राज्य परिषदेकडे गेली होती. पुरावा म्हणून तिचीच साक्ष जोडलेली. तक्रारदार हितेश. करंजेकरांविरुद्ध मात्र वयाचा मान राखून कोणी काही लिहिलं नव्हतं.

तिने बचाव मांडला नाही. वर्षभरासाठी वकिलीची सनद गेली. ते वर्ष तिने डोलवीच्या कारखान्यातल्या एका कंत्राटदाराकडे कामगारांच्या हजेऱ्या तपासण्यात घालवलं. शिफ्ट सुटली की गेटवर माणसांची रीघ लागे. आपण वकील होतो हे त्यातल्या एकालाही तिने सांगितलं नाही.

याच वर्षात रेबेकाबाईंचा निकाल लागला. मुखत्यारपत्र रद्द झालं, वाडी राहिली. निकालाला नमिता मागच्या बाकावर जाऊन बसली होती. बाईंनी आपल्या वकिलाचे हात हातात घेतले. बाहेर जाताना नमितापाशी त्या थांबल्या. नुसती मान हलवली आणि पुढे गेल्या. त्यांची तरी काय चूक? या सहीपायी त्यांची तीन वर्षं कोर्टात गेली होती.

सनद परत मिळाल्यावर ती पेणला गेली नाही. रोह्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तिने टेबल टाकलं. पहिले चार महिने टेबलाशी फक्त पत्ता विचारणारे येत. मग खांब गावाहून एक बाई पोटगीसाठी आली, ती दुसरीला घेऊन आली. आता बोर्डावर तिच्या आठवड्याला तीन-चार केसेस असतात. कागद आणणाऱ्याला ती आधी समोर बसवते, नाव-गाव विचारते, घरात कोण कोण आहे ते विचारते. त्यात वेळ जातो म्हणून काही लोक उठून दुसरीकडे जातात.

दुपारच्या सुट्टीत बाकीचे वकील चहाला एकत्र जातात. तिला कोणी नको म्हटलेलं नाही, आणि चला असंही म्हटलेलं नाही. ती डबा उघडते, पुढच्या तारखेचा अर्ज वाचत जेवते, आणि शिपायाने पुकारा केला की कोट सारखा करून आत जाते.